पॉलिमरचं पेशीपटल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्राचे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे शिक्षक आणि कुठेतरी बातमी वाचून कुतूहल चाळवलेले वाचक पॉलिमरसोमबद्दल, म्हणजे पेशीपटलाची नक्कल करणाऱ्या पॉलिमरच्या पोकळ पुटिकांबद्दल, साधारण हेच प्रश्न विचारतात. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र पुसटसं आठवत असेल तरी पुरे.

कृत्रिम पेशीपटल म्हणजे अख्खी पेशीच बनवतात का?

नाही, फक्त पडदा. केंद्रक, रायबोसोम, मायटोकाँड्रिया हा आतला कारभार बाजूला ठेवायचा आणि आतलं पाणी बाहेरच्या पाण्यापासून वेगळं राखणारा पातळ पडदा तेवढा उभा करायचा. खऱ्या पेशीत हे काम फॉस्फोलिपिडांचा दुहेरी थर करतो. त्याची जाडी चार-पाच नॅनोमीटर. थर दुहेरी आहे हे १९२५ साली लायडनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी सुचवलं. त्यांनी तांबड्या रक्तपेशींतलं लिपिड काढून पाण्यावर पसरवलं आणि त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठफळाशी ताडून पाहिलं. ते दुपटीच्या आसपास भरलं, म्हणजे थर दोन.

या लिपिडांच्या जागी ब्लॉक कोपॉलिमर घेतले आणि त्यांची बंद, पोकळ पुटिका तयार झाली, की तिला पॉलिमरसोम म्हणतात. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये पॉलिमरचा पडदा.

ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे काय?

एकाच साखळीत दोन वेगळ्या स्वभावांचे तुकडे. एक जलस्नेही, पाण्यात खुशाल विरघळणारा. दुसरा जलद्वेषी. दोघं सहसंयुज बंधाने जोडलेले, त्यामुळे पटत नसलं तरी वेगळं होता येत नाही. जलस्नेही बाजूला बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग असतं. साखळी लांब असली की त्यालाच पॉलिइथिलीन ऑक्साइड म्हणतात. जलद्वेषी बाजूला पॉलिब्युटाडाइन, पॉलिस्टायरीन, सिलिकोन जातीचं पॉलिडायमिथिलसिलोक्झेन, किंवा शरीरात विघटन होणारं पॉलिकॅप्रोलॅक्टोन अथवा पॉलिलॅक्टिक आम्ल.

फॉस्फोलिपिडाचा रेणुभार सातशे-आठशेच्या घरात. या साखळ्यांचा काही हजार, कधी त्याहून बराच जास्त. पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट, चांगली आणि अडचणीची, या एका फरकातून निघते.

‘आपोआप’ जुळतात म्हणजे? कोणीतरी जोडत असेलच ना?

कोणी जोडत नाही. साखळ्यांना एकमेकींची फार ओढ असते असंही नाही. जोर असतो पाण्याचा. जलद्वेषी तुकडा पाण्यात उघडा पडला की त्याच्या आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंना आपसातले हायड्रोजन बंध टिकवण्यासाठी ठरावीक मांडणीत अडकून पडावं लागतं. एन्ट्रॉपी घटते. जलद्वेषी तुकडे एकत्र लपले की ते रेणू मोकळे होतात आणि एकूण मुक्त ऊर्जा खाली येते. साबणाचे मायसेल, म्हणजे जलद्वेषी शेपट्या आत लपवलेले भरीव गोळे, होतात तेही याच कारणाने.

म्हणून ‘साखळ्या स्वतःला रचतात’ हे अर्धंच खरं आहे. पाणी त्यांना रचायला लावतं. त्याच साखळ्या टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये टाका, सुट्या-सुट्या विरघळून राहतील, कारण ते द्रावक दोन्ही तुकड्यांना चालतं. या गोष्टीचा बनवण्याच्या कृतीत उपयोग होतो, तो पुढे येईलच.

भरीव गोळा व्हायचा की पोकळ पुटिका, हे कशावर ठरतं?

मुख्यतः जलस्नेही भागाच्या प्रमाणावर. साखळीच्या वजनात हा भाग साधारण २५ ते ४० टक्के असला तर पडदा तयार होतो आणि कडा झाकण्यासाठी तो वळून बंद होतो. ४० ते ५० च्या दरम्यान लांबट, दोऱ्यासारखे मायसेल. त्याच्या वर गेलात की छोटे गोल मायसेल. २५ च्या खाली सहसा नुसता गाळ किंवा भरीव कण.

भूमितीच्या अंगाने हेच असं सांगता येतं: डोकं (जलस्नेही तुकडा) शेपटीच्या (जलद्वेषी तुकड्याच्या) मानाने मोठं असेल तर साखळ्यांची रचना शंकूसारखी होते आणि शंकू एकत्र आले की गोल होतो, डोकं-शेपूट सारख्या रुंदीचं असेल तर सपाट थर. हे आकडे पेग आणि तत्सम साखळ्यांवरून आलेले आहेत. साखळीचा प्रकार, तिची लवचीकता, तापमान, क्षार यांनी सीमा सरकतात. शिवाय पॉलिमरच्या सगळ्या साखळ्या कधीच एका लांबीच्या नसतात. त्यामुळे एकाच बाटलीत पुटिका आणि मायसेल शेजारी-शेजारी सापडणं नेहमीचं आहे.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झांग आणि आयझेनबर्ग यांनी १९९५ साली पॉलिस्टायरीन आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाच्या साखळ्यांवर हे दाखवलं: एकाच जातीचं पॉलिमर, फक्त जलस्नेही तुकड्याची लांबी बदलत न्यायची, आणि गोल, दंडगोल, पुटिका असे आकार पाळीपाळीने मिळत जातात.

लायपोसोम असताना हा खटाटोप कशाला?

लायपोसोम म्हणजे लिपिडाच्या पुटिका. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम इथे अ‍ॅलेक बँगम यांनी १९६० च्या दशकात त्या ओळखल्या. आज त्यांची औषधं बाजारात आहेत. कर्करोगावरच्या डॉक्सोरुबिसिनचं लायपोसोमी रूप अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं. आपल्याकडे तर २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन’ची चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. ते इंजेक्शन म्हणजे लिपिडाच्या पुटिकांच्या पडद्यात बसवलेलं बुरशीनाशक. साध्या अँफोटेरिसिनपेक्षा मूत्रपिंडाला पुष्कळ कमी त्रास देणारं.

तेव्हा लायपोसोम वाईट आहेत असं कोणी म्हणत नाही. पण त्यांचा पडदा पातळ आणि नाजूक. आतलं औषध झिरपतं, डिटर्जंट लागला की ते विरघळतात, असंतृप्त लिपिडांचं ऑक्सिडीकरण होतं. शिवाय लिपिडांच्या रसायनात हवे तसे बदल करायला वाव मर्यादित. पॉलिमरच्या साखळीत तुकड्याची लांबी, रसायन, टोकाला लावायचा रेणू, तुटण्याची जागा, सगळं ठरवता येतं. पडद्याची जाडी पाच नॅनोमीटरपासून कित्येक दहा नॅनोमीटरपर्यंत नेता येते.

पॉलिमरसोम मजबूत असतात म्हणतात. मोजलं कोणी, कसं?

इथे जरा थांबू, कारण या क्षेत्राची सुरुवातच या मोजणीने झाली. १९९९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डेनिस डिशर, बोहडाना डिशर, डॅनियल हॅमर आणि मिनेसोटाचे फ्रँक बेट्स यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये एक निबंध छापला. पॉलिमर होतं पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि पॉलिइथिलइथिलीन यांचं, पहिल्याच्या ४० आणि दुसऱ्याच्या ३७ घटकांचं. पडदा सुमारे ८ नॅनोमीटर जाड. ‘पॉलिमरसोम’ हे नावही तिथूनच रुळलं.

मोजणी अशी. काचेची नळी तापवून ओढतात, तोंड काही मायक्रोमीटरचं राहील इतकी बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली ती एका मोठ्या पुटिकेजवळ न्यायची आणि पाण्याच्या स्तंभाची उंची बदलून हलकेच ओढ द्यायची. पुटिकेचा थोडा भाग जिभेसारखा नळीत शिरतो. ओढ वाढवत नेली की जीभ लांबते, आणि तिच्या लांबीवरून पडद्याचं क्षेत्रफळ किती वाढलं याचा हिशेब लागतो. एका क्षणी पुटिका फुटते आणि नळीत नाहीशी होते. लिपिडाचा पडदा साधारण पाच टक्के ताणला की जातो. हा पडदा १९ टक्क्यांपर्यंत टिकला. चिवटपणा जवळजवळ दहापट. पाणी झिरपण्याचं प्रमाण लिपिडाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

गंमत अशी की ताणायला लागणारा जोर दोन्हींत साधारण सारखाच निघाला. क्षेत्रफळ वाढवायला होणारा विरोध हा पाणी आणि जलद्वेषी भाग यांच्या सीमेवरच्या पृष्ठताणातून येतो, त्याला साखळीच्या लांबीशी फार देणंघेणं नाही. फुटणं मात्र जाडीवर आणि साखळ्यांच्या गुंत्यावर ठरतं. त्याच गटाने पुढे साखळ्यांची लांबी वाढवत नेऊन हे तपासलं. लांब साखळ्या ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात, छिद्र पडायला लागलं तरी ते पसरायला वेळ लागतो. पॉलिब्युटाडाइनच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधूनच टाकल्या तर पुटिका वाळवून पुन्हा भिजवल्या तरी शाबूत राहतात.

इतकं चांगलं आहे तर निसर्गाने का नाही वापरलं?

प्रश्न सर्वांत आवडता आहे. मजबुती हीच पेशीच्या दृष्टीने अडचण आहे. पेशीला वाढायचं असतं, विभागायचं असतं, बाहेरचं काही गिळायचं असतं, पडद्यातली प्रथिनं इकडून तिकडे सरकवायची असतात. त्यासाठी पडदा पातळ, वाहता आणि सहज दुरुस्त होणारा हवा. लिपिडाचा रेणू पडद्याच्या प्रतलात झपाट्याने सरकतो. गुंतलेली पॉलिमर साखळी रांगते. पॉलिस्टायरीनसारख्या पॉलिमरचं काच-संक्रमण तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाला तो पडदा अक्षरशः गोठलेला असतो.

आणि निसर्गाने असं काही वापरलंच नाही असंही नाही. गरम, आम्लधर्मी झऱ्यांमध्ये राहणाऱ्या आर्किया जातीच्या सूक्ष्मजीवांत पडद्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जाणारी, दोन्ही टोकांना डोकी असलेली लिपिडं सापडतात. तिथे दुहेरी थर नाहीच, एकच सलग थर आहे. प्रयोगशाळेत जलस्नेही–जलद्वेषी–जलस्नेही असे तीन तुकड्यांचे पॉलिमर बनवतात तेव्हा रचना बरीचशी तशीच होते.

प्रत्यक्षात बनवतात कसे?

रीती अनेक, पण दोन समजल्या की बाकीच्यांचा अंदाज येतो.

पहिली द्रावक बदलण्याची. पॉलिमर दोन्ही तुकड्यांना चालणाऱ्या द्रावकात विरघळवायचं, ढवळत ठेवून थेंबथेंब पाणी घालायचं. एका टप्प्यावर स्वच्छ द्रावण निळसर धूसर होतं; कण तयार झाल्याची ही पहिली खूण. मग डायलिसिसच्या पिशवीत भरून द्रावक काढून टाकायचं. पुटिका शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या मिळतात. सारख्या आकाराच्या हव्या असतील तर पॉलिकार्बोनेटच्या ठरावीक छिद्रांच्या चाळणीतून दाबून काढायच्या.

दुसरी रीत मोठ्या पुटिकांची, दहा ते शंभर मायक्रोमीटरच्या, ज्या साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकात दिसतात. काचेवर इंडियम टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर असतो. त्या बाजूवर क्लोरोफॉर्ममधल्या पॉलिमरचे काही मायक्रोलिटर पसरायचे आणि निर्वातात नीट वाळवायचे. ही पायरी उरकून टाकली की पुढे पश्चात्ताप होतो, कारण उरलेला क्लोरोफॉर्म पडद्यात बसतो. मग दोन काचांमध्ये रबरी कडं ठेवून आत सुक्रोजचं द्रावण भरायचं आणि काही व्होल्टचा, दहा हर्ट्झच्या आसपासचा प्रत्यावर्ती प्रवाह द्यायचा. थर भिजतो, फुगतो, काचेवर फुगवटे उठतात, एकमेकांत मिसळत मोठे होतात. शेवटी वारंवारता कमी केली की सुटून येतात.

सुक्रोज का? पुटिका नंतर तितक्याच संहतीच्या ग्लुकोजच्या द्रावणात टाकतात. आतलं सुक्रोज जड, म्हणून त्या तळाशी बसतात आणि शोधायला सोप्या जातात. आतल्या-बाहेरच्या अपवर्तनांकात फरक असल्याने कला-विरोधी (फेज काँट्रास्ट) सूक्ष्मदर्शकात त्या उजळ पार्श्वभूमीवर गडद उठून दिसतात. संहती मात्र जुळली पाहिजे. बाहेरचं द्रावण विरळ झालं तर पुटिका ताणल्या जातात, दाट झालं तर मरगळून सुरकुततात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येईल का?

द्रावक बदलण्याची रीत हो, धुराचं कपाट असेल तर. तयार ब्लॉक कोपॉलिमर विकत मिळतात, पण ग्रॅमची किंमत पाहून विभागप्रमुख दचकतील. नुसती कल्पना दाखवायची असेल तर अंड्यातल्या लेसिथिनच्या पुटिका करून दाखवा; तत्त्व तेच आहे.

पडदा इतका घट्ट असेल तर आत-बाहेर काही जाणार कसं?

मजबूत पडदा बनवणं १९९९ सालीच जमलं होतं. तेव्हापासूनची बहुतेक मेहनत त्याला योग्य जागी छिद्रं पाडण्यात आणि योग्य वेळी फाटायला लावण्यात गेली आहे.

खऱ्या पेशीत वाटा प्रथिनांच्या असतात. ती पॉलिमरच्या पडद्यात बसवायची म्हटलं की जाडीचा प्रश्न येतो. प्रथिनाचा जलद्वेषी पट्टा तीन-चार नॅनोमीटरचा आणि पडदा दहाचा, मग ते बसावं कसं? स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात वोल्फगांग मायर यांच्या गटाने पॉलिडायमिथिलसिलोक्झेनचा मधला तुकडा वापरून उत्तर काढलं. ही साखळी इतकी लवचीक आहे की प्रथिनाभोवती ती दबून, आखडून जागा करून देते. जीवाणूच्या बाह्य पटलातलं ओएमपीएफ हे छिद्र-प्रथिन त्यांनी असं बसवलं. आत एन्झाइम कोंडलेलं, छिद्रातून लहान रेणू आत जातात, उत्पादित बाहेर येतं आणि मोठं एन्झाइम मात्र आतच राहतं. अशा पुटिकेला नॅनो-अभिक्रियापात्र म्हणतात.

२००५ साली चोई आणि माँटेमाग्नो यांनी त्याहून अवघड जोडी बसवली: प्रकाश पडला की प्रोटॉन ढकलणारं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन आणि प्रोटॉनच्या उतारावर एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवणारं एटीपी सिंथेस. दिवा लावला की पॉलिमरच्या पुटिकांत एटीपी तयार होऊ लागलं.

पाणी शुद्ध करण्याशी याचा संबंध काय?

अ‍ॅक्वापोरिन. पेशीपटलातून फक्त पाणी नेणारं हे प्रथिन. त्याच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. एका वाहिनीतून सेकंदाला अब्जाहून अधिक पाण्याचे रेणू जातात, मीठ जात नाही. २००७ साली मनीष कुमार, मायर आणि सहकाऱ्यांनी जीवाणूचं अ‍ॅक्वापोरिन-झेड तीन तुकड्यांच्या पॉलिमरच्या पुटिकांत बसवलं. पाण्याची पार्यता नुसत्या पॉलिमरच्या तुलनेत ८०० पटीपर्यंत वाढली, आणि ग्लुकोज, ग्लिसरॉल, मीठ, युरिया अडले.

ही ‘८०० पट’ बातम्यांमध्ये फार मिरवली. पण ती तुलना मुळात पाणी जवळपास न सोडणाऱ्या पडद्याशी आहे, तुमच्या स्वयंपाकघरातल्या आरओशी नाही. आरओच्या पॉलिअमाइड पटलाला दाब सहन करायचा असतो, वर्षानुवर्षं टिकायचं असतं आणि चौरस मीटरच्या हिशेबात तयार व्हायचं असतं. डेन्मार्कमध्ये २००५ साली निघालेल्या अ‍ॅक्वापोरिन या कंपनीने मधला मार्ग काढला: प्रथिन भरलेल्या पुटिका पॉलिअमाइडच्या थरातच रोवायच्या. माझ्या मते हाच शहाणपणाचा रस्ता आहे.

औषध आत भरलं, पण योग्य ठिकाणी बाहेर कसं येणार?

पॉलिमरसोमच्या आतल्या पाण्यात पाण्यात विरघळणारं औषध राहतं आणि जाड पडद्यात न विरघळणारं. डिशर यांच्या गटाने २००६ साली डॉक्सोरुबिसिन आत आणि पॅक्लिटॅक्सेल पडद्यात अशी जोडी भरून उंदरांमधल्या गाठी आकसल्याचं दाखवलं. तिथे पडद्यात विघटनशील साखळ्या मिसळल्या होत्या. साखळीचा जलद्वेषी भाग तुटत गेला की जलस्नेही भागाचं प्रमाण वाढतं. वरचे टक्के आठवा: २५–४० च्या पट्ट्यातून बाहेर पडलात की पुटिकेला पुटिका राहणं परवडत नाही, मायसेल होतात आणि माल सुटतो.

इतर क्लृप्त्याही याच हिशेबावर चालतात. रक्ताचा सामू ७.४, पेशीने गिळल्यावर ज्या कप्प्यात पुटिका जाते तिथला ५ ते ६. सामू उतरल्यावर प्रोटॉन घेऊन जलस्नेही होणारी साखळी वापरली की पडदा तिथेच कोसळतो. डायसल्फाइडचा सांधा ठेवला तर तो पेशीच्या आत तुटतो, कारण तिथे असे सांधे तोडणारं ग्लुटाथायोन रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. जेफ्री हबेल यांच्या गटाने २००४ साली गंधकयुक्त पॉलिप्रोपिलीन सल्फाइड वापरलं, जे ऑक्सिडीकरण झालं की पाण्यात विरघळू लागतं.

आपल्याकडे यावर काम चालतं का?

चालतं. पुण्याच्या आयसरमध्ये एम. जयकण्णन यांच्या गटाने डेक्स्ट्रान या पॉलिसॅकराइडला जागोजागी जलद्वेषी शेपट्या लावून पुटिका केल्या. ब्लॉक कोपॉलिमर नव्हे, कलमी पॉलिमर. पण पाण्याचा खेळ तोच. शेपटी आहे पेंटाडेसिलफिनॉलची, पंधरा कार्बनची, आणि ती येते काजूच्या टरफलाच्या तेलातून. कोकणात नि गोव्यात ओला काजू फोडताना हाताची सालं काढणारं तेच तेल. त्यातल्या कार्डानॉलला हायड्रोजन दिला की हा रेणू मिळतो. शेपटी आणि साखर यांच्यातला एस्टर बंध पेशीतली एस्टरेज एन्झाइमं तोडतात, म्हणून औषध आत गेल्यावरच सुटतं. डॉक्सोरुबिसिन आणि कँप्टोथेसिन अशी दोन्ही स्वभावांची औषधं त्यांनी एकाच पुटिकेत भरून पेशींवर तपासली.

लशीत वापरता येतात का?

प्रयत्न झालेत. शिकागो विद्यापीठात हबेल यांच्याच गटाने २०२१ साली कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाचा ग्राहकाला चिकटणारा तुकडा पॉलिमरसोमच्या पृष्ठभागावर लावला. उंदरांत विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं तयार झाली. एमआरएनए लशींमधले लिपिड-कण हे मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यांच्यात पाण्याने भरलेली पोकळी नसते, आतून ते बरेचसे भरीव असतात.

शरीराला हे सुरक्षित आहे का? शेवटी प्लास्टिकच ना?

कोणतं पॉलिमर, यावर उत्तर आहे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि पॉलिलॅक्टिक आम्ल शरीरात विघटित होतात. विरघळणाऱ्या टाक्यांसारख्या वस्तूंमधून त्यांच्या जातीच्या पॉलिमरांचा वापर दीर्घकाळ चालू आहे. पॉलिब्युटाडाइन आणि पॉलिस्टायरीन विघटित होत नाहीत, ती मूलभूत अभ्यासाला ठीक, वारंवार टोचायला नव्हेत.

पेगचा प्रश्न थोडा वेगळा. तो निरुपद्रवी समजला जाई, पण सौंदर्यप्रसाधनं आणि औषधांमधून त्याच्याशी इतका संबंध येतो की काही लोकांच्या रक्तात पेगविरोधी प्रतिपिंडं आधीच असतात. पेग लावलेल्या लायपोसोमचा दुसरा डोस रक्तातून पहिल्यापेक्षा लवकर नाहीसा होतो, हेही दिसलं आहे. म्हणून पॉलिऑक्झाझोलीन, पॉलिसार्कोसीन असे पर्याय तपासले जातात. एकंदरीत लायपोसोमची औषधं दवाखान्यात पोचून पंचवीस वर्षांहून अधिक झाली आणि पॉलिमरसोमचं काम मुख्यतः प्राण्यांवर आणि सुरुवातीच्या मानवी चाचण्यांवर आहे.

लिपिड आणि पॉलिमर मिसळले तर?

मिसळतात, आणि मला वाटतं प्रथिनांसाठी तरी पुढचा काळ या संकरित पुटिकांचाच आहे. ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठात सायटोक्रोम बीओ-३ हे प्रथिन अशा मिश्र पडद्यात बसवलं, तेव्हा नुसत्या लिपिडापेक्षा ते जास्त काळ कार्यक्षम राहिलं. कधीकधी दोन्ही घटक पडद्यातच वेगळे होतात आणि लिपिडाची बेटं दिसू लागतात. ते हवं की नको, हे काय करायचंय त्यावर.

यातून जिवंत पेशी बनेल का?

पुटिकेत पुटिका बनते, इतकं सांगता येतं. नेदरलँड्सच्या नायमेखेन इथे यान फान हेस्ट यांच्या गटाने २०१४ साली मोठ्या पॉलिमरसोमच्या पोटात लहान पॉलिमरसोम भरले, वेगवेगळ्या लहानांत वेगवेगळी एन्झाइमं ठेवली आणि अभिक्रियांची साखळी चालवून दाखवली. पेशीतल्या कप्प्यांची ही नक्कल. त्याआधी, २०१२ साली, तिथेच वाटीसारख्या खोलगट पॉलिमरसोममध्ये प्लॅटिनमचे कण बसवले होते. हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांवर फुटून ऑक्सिजन निघाला की वाटी पुढे सरकते.

सरकणं म्हणजे जगणं नव्हे. स्वतःच्या पडद्यासाठी माल स्वतः तयार करणं, वाढणं, विभागणं, माहिती पुढच्या पिढीला देणं, हे सगळं एकत्र झालेलं नाही. आणि विभागणीच्या वेळी पुन्हा तोच चिवट पडदा आडवा येतो.

पेपरात ‘पॉलिमरसोम तयार झाले’ लिहिलंय. खरं मानावं का?

आधी पुरावा पाहावा. प्रकाश-विकिरणाच्या यंत्राने दिलेला ‘१५० नॅनोमीटर’ हा आकडा फक्त आकार सांगतो. कण पोकळ की भरीव हे त्यातून कळत नाही. वाळवलेल्या नमुन्याचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटोही फसवतो, कारण वाळताना पुटिका कोसळतात आणि भरीव कणाभोवतीही रंगद्रव्याची कडा दिसू शकते. गोठवलेल्या पाण्यात घेतलेल्या, म्हणजे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात पडद्याची गडद वर्तुळाकार कडा आणि आत बाहेरच्यासारखाच फिकेपणा दिसायला हवा. नाहीतर स्थिर आणि गतिक प्रकाश-विकिरणातून मिळणाऱ्या दोन त्रिज्यांचं गुणोत्तर बघा: पातळ कवचाच्या पोकळ गोलाचं एकच्या जवळ येतं, भरीव गोलाचं ०.७७ च्या आसपास. तिसरी कसोटी, पाण्यात विरघळणारा रंग आत कोंडून स्तंभातून गाळला तर तो कणांबरोबरच बाहेर यायला हवा. यातलं एकही नसेल तर लेखकांनी ‘नॅनोकण’ एवढंच लिहायला हवं होतं.